दुकानात टांगायच्या मालासाठी ब्लिस्टर पॅक कसा निवडावा

भाजी सोलायचे स्टीलचे सोलाणे दुकानात कसे विकले जाते, हे पुण्याच्या बोहरी आळीसारख्या बाजारात पंधरा मिनिटे उभे राहून पाहावे. सुटे सोलाणे टोपलीत पडलेले असते. गिऱ्हाईक ते उचलते, पात्याला बोट लावून पाहते, किंमत विचारते आणि पुष्कळदा परत टाकून देते. तेच सोलाणे छापील कार्डावर, पारदर्शक प्लास्टिकच्या पोकळीत बसवून हुकाला टांगले की पाते सुरक्षित राहते, बनवणाऱ्याचे नाव दिसते, किंमत विचारावी लागत नाही आणि दुकानदाराला मोजदादही सोपी जाते. या पोकळीला आमच्या धंद्यात पॉकेट म्हणतात, तिच्या भोवतीच्या सपाट कडेला फ्लँज म्हणतात, आणि पॉकेट व कार्ड मिळून ब्लिस्टर पॅक होतो. औषधी गोळ्यांची पट्टी हादेखील ब्लिस्टरच आहे, परंतु तिथे ओलावा आणि हवा रोखण्याला सर्वाधिक महत्त्व असते. प्रस्तुत लेख टांगून विकायच्या मालापुरता आहे, आणि उदाहरण म्हणून हेच सोलाणे शेवटपर्यंत हाती ठेवले आहे.

नवा उद्योजक ब्लिस्टरची चौकशी करताना पहिला प्रश्न दराचा विचारतो. माझ्या मते तो प्रश्न शेवटी यावा. त्याआधी आपल्या मालाचे वजन किती, त्याला धार किंवा टोक आहे का, गिऱ्हाइकाला तो विकत घेण्यापूर्वी हाताळावा लागतो का, घरी नेल्यावर तो पुन्हा त्याच पॅकमध्ये ठेवला जाणार आहे का, आणि महिन्याला आपण किती नग भरणार आहोत, हे कागदावर लिहून काढावे. एवढे लिहिले की निम्मे प्रकार आपोआप बाद होतात.

कार्ड ब्लिस्टर

सर्वांत जास्त चालणारा प्रकार हाच आहे. टूथब्रश, पेन्सिल सेल, रेझर, झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या ट्यूब यांचे पॅक आठवावेत. पॉकेटमध्ये वस्तू ठेवतात, वर कार्ड उपडे ठेवतात आणि गरम प्लेटने कार्डाच्या पाठीवरून दाब देतात. कार्डाच्या छापील बाजूवर लावलेले लॅकर उष्णतेने मऊ होऊन फ्लँजला धरते. उष्णता कार्डातून आरपार जावी लागत असल्यामुळे कार्ड जितके जाड, तितका वेळ अधिक द्यावा लागतो. तापमान, दाब आणि वेळ या तिघांचे गणित प्रत्येक कार्डासाठी नव्याने बसवावे लागते.

या प्रकाराचे सगळे यश फ्लँजच्या पाच-सहा मिलिमीटर रुंदीवर अवलंबून आहे. जागा वाचवण्यासाठी काही जण फ्लँज तीन मिलिमीटरवर आणतात, आणि मग वाहतुकीत पॉकेट सुटून सोलाणी खोक्याच्या तळाशी सापडतात. सील बरोबर झाले आहे की नाही, हे पाहण्याची कसोटी अगदी साधी आहे. पॅक पूर्ण थंड होऊ द्यावा, मग पॉकेटचा एक कोपरा नखाने उचलून सावकाश ओढावा. कागद फाटल्याचा आवाज आला आणि फ्लँजवर चारही बाजूंनी कागदाचे पांढरे तंतू चिकटून आले, तर सील उत्तम आहे. पॉकेट स्वच्छ, चकचकीत निघून आले आणि कार्डावर नुसता पुसट ठसा राहिला, तर लॅकर कमी पडले आहे किंवा उष्णता पोहोचलेली नाही. तीन बाजूंना तंतू आले आणि चौथी बाजू कोरी राहिली, तर बहुधा सील करताना पॉकेट बसवायचा साचा किंवा गरम प्लेट समतल नाही. सील गरम असताना ही कसोटी घेऊ नये, कारण लॅकर थंड झाल्यावरच त्याची खरी पकड कळते.

छापखान्याला कार्डाची ऑर्डर देताना ‘ब्लिस्टर कार्ड’ हा शब्द लेखी द्यावा, आणि हीट सील लॅकर कोणत्या प्लास्टिकसाठी हवे आहे, तेही लिहावे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी हे तोंडी सांगितले होते. कार्ड अधिक देखणे दिसावे म्हणून छापखान्याने पूर्ण पृष्ठभागावर चकचकीत लॅमिनेशन करून दिले आणि त्या फिल्मवर पॉकेट धरेनाच. पाच हजार कार्डे रद्दीत गेली. दिसायला ती कार्डे खरोखर सुंदर होती, म्हणून त्यांचे दुःख अजून लक्षात आहे. यूव्ही कोटिंगचेही (अतिनील प्रकाशाने सुकवलेल्या चकचकीत थराचेही) तसेच आहे. ते हवेच असेल, तर सीलच्या पट्ट्यात ते येणार नाही अशी छपाईची प्लेट करून घ्यावी. लॅकर लावलेले कार्ड वर्षानुवर्षे साठवून ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण कालांतराने त्याची पकड कमी होत जाते.

कार्डासाठी साधारण ३०० ते ४०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन भरणारा) बोर्ड वापरतात. पाठ करडी असलेला ड्युप्लेक्स स्वस्त पडतो, परंतु मागच्या बाजूवर सूचना छापायच्या असतील, तर पांढऱ्या पाठीचा बोर्ड घ्यावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडी ठेवलेली कार्डे हवेतला ओलावा धरून वाकतात, आणि वाकलेले कार्ड सीलिंग मशीनवर नीट बसत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत कार्डांचे गठ्ठे प्लास्टिकच्या आवरणातच ठेवावेत आणि त्या पाळीला लागतील तेवढेच उघडावेत.

सीलिंग मशीन नसेल तर

ज्यांचे उत्पादन अजून लहान आहे, त्यांच्यासाठी स्लायडिंग ब्लिस्टर हा चांगला मार्ग आहे. यात पॉकेटच्या फ्लँजच्या तीन कडा मागे दुमडून खाचा केलेल्या असतात आणि कार्ड त्या खाचांतून वरून सरकवतात. लॅकर नको, गरम प्लेट नको. घरच्या घरी दोन माणसे बसून माल भरू शकतात. कार्ड बाहेर काढून वस्तू हाताळता येते, हा गिऱ्हाइकाचा फायदा आहे आणि नेमका तोच दुकानदाराचा तोटाही आहे, कारण पॅक उघडून वस्तू काढून घेणे सोपे जाते. वरच्या बाजूला स्टेपलची एक पिन मारली तर थोडा अटकाव होतो. बचत गटांच्या दागिन्यांसाठी, केसांच्या क्लिपांसाठी, हस्तकलेच्या वस्तूंसाठी मी हाच प्रकार सुचवतो. धारदार सोलाण्यासाठी सुचवणार नाही.

स्किन पॅकचे तंत्र वेगळे आहे आणि आपल्याकडे त्याचा जितका विचार व्हायला हवा, तितका होत नाही. इथे पॉकेट घडवायचा साचाच लागत नाही. वस्तू कार्डावर मांडतात, वरून तापवलेली पातळ फिल्म सोडतात आणि खालून हवा खेचून घेतात. फिल्म वस्तूच्या अंगाला कातडीसारखी घट्ट बसते आणि कार्डाला चिकटते. वस्तू हाच साचा असल्यामुळे बिजागऱ्या, कड्या, पितळी नळांचे सुटे भाग, पान्यांचे संच अशा वारंवार बदलणाऱ्या मालासाठी प्रत्येक वेळी नवा साचा करण्याचा खर्च वाचतो. कार्डातून हवा खेचली जायला हवी, म्हणून ते सच्छिद्र असावे लागते किंवा त्याला बारीक छिद्रे पाडावी लागतात. लॅमिनेट केलेले कार्ड इथे निरुपयोगी ठरते. उष्णतेने खराब होणारी वस्तू या पद्धतीने भरू नये, आणि फार टोकदार वस्तूला फिल्म फाटते.

क्लॅमशेल आणि ट्रॅप ब्लिस्टर

क्लॅमशेल म्हणजे एकाच शीटमधून घडवलेले, मध्ये बिजागरीसारखी घडी असलेले दोन भाग. ते शिंपल्यासारखे मिटतात आणि कडेच्या नर-मादी बटणांनी बंद होतात. आत छापील कार्ड नुसते ठेवले तरी चालते, त्यामुळे छपाईवर लॅमिनेशन, सोनेरी फॉइल, काय हवे ते करता येते. वस्तू दोन्ही बाजूंनी दिसते. ड्रिल बिट, स्क्रूचे संच, गळाचे काटे अशा घरी परत त्याच डबीत ठेवायच्या मालाला याहून सोयीचा पॅक नाही. तळाशी दुसरी घडी दिलेला ट्रायफोल्ड क्लॅमशेल काउंटरवर उभाही राहतो.

तरीही क्लॅमशेलकडे वळण्यापूर्वी प्लास्टिकचे वजन काढून पाहावे. आपल्या सोलाण्यासाठी कार्ड ९ बाय २० सेंटिमीटरचे धरू. कार्ड ब्लिस्टरमध्ये पॉकेटसाठी फ्लँजसह सुमारे १७ बाय ६ सेंटिमीटर शीट लागते. ३०० मायक्रॉन जाडी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि घन सेंटिमीटरला १.३५ ग्रॅम घनता धरली, तर हे प्लास्टिक साधारण चार ग्रॅम भरते. क्लॅमशेलला पूर्ण आकाराचे दोन भाग लागतात, म्हणजे ३६० चौरस सेंटिमीटर, आणि वजन साडेचौदा ग्रॅमच्या आसपास जाते. साडेतीन पट प्लास्टिकचे पैसे मोजून गिऱ्हाइकाला त्या बदल्यात काय मिळते, याचे उत्तर सोलाण्याच्या बाबतीत मला तरी सापडत नाही. कारण सोलाणे घरी गेल्यावर त्या शेलमध्ये कोणी ठेवत नाही.

चोरी रोखण्यासाठी काही उत्पादक क्लॅमशेलच्या चारही कडा वेल्ड करतात. महाग मेमरी कार्डाला ते समजण्यासारखे आहे. मात्र असा पॅक उघडताना कात्री घसरते आणि कापलेल्या प्लास्टिकची कड सुरीसारखी लागते. ही तक्रार जगभर आहे. ॲमेझॉनने २००८ साली सहज उघडणाऱ्या पॅकिंगचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला, त्यामागेही हाच वैताग होता. वेल्डिंग करायचेच असेल, तर चार ठिकाणी ठिपके पुरतात, किंवा पाठीमागे कार्डाला पर्फोरेशनची (सहज फाटावे म्हणून टोचलेल्या छिद्रांची) एक पट्टी द्यावी. पॅक उघडता न येणे हा मालाचा दोष आहे, असेच मी मानतो.

ट्रॅप ब्लिस्टर हा कार्ड ब्लिस्टर आणि क्लॅमशेल यांच्या मधला मार्ग आहे. यात कार्ड दुमडलेले असते, पुढच्या पाळीला (दुमडलेल्या भागाला) खिडकी पंच केलेली असते, आणि पॉकेटचा फ्लँज दोन पाळ्यांच्या मध्ये अडकवून कागदाला कागद चिकटवतात. प्लास्टिक कशालाच चिकटवायचे नसल्यामुळे ते कोणतेही चालते, जड वस्तू पेलते, आणि पॅक फाडल्यावर कागद व प्लास्टिक आपोआप वेगळे होतात. दुप्पट बोर्डाचा खर्च येतो. निर्यातीचा विचार असलेल्या उद्योजकांनी या प्रकाराचा नमुना जरूर करून पाहावा.

शीट कोणती घ्यावी

पीव्हीसी सहज घडते, सहज सील होते आणि वेल्डही होते, म्हणून वर्षानुवर्षे तीच वापरली गेली. ती जळताना हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घातक वायू निघतो. पुनर्वापरातही तिची अडचण होते, कारण पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीत त्या वेगळ्या करता येत नाहीत, आणि पीईटी वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसी करपून सगळा घाणा बिघडवते. परदेशातील अनेक खरेदीदार पीव्हीसी नको असे करारातच लिहितात. नवा साचा करताना पीईटी धरूनच करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पुनर्वापरातून आलेली आरपीईटी शीटही मिळते. तिची किंचित करडी छटा सोलाण्यासारख्या मालाला खटकत नाही.

पीईटी घेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पीव्हीसीसाठीचे लॅकर पीईटीला धरेलच असे नाही, म्हणून छापखान्याला शीटचा तुकडा नेऊन द्यावा. दुसरी गोष्ट सिलिकॉनची. घडवलेली पॉकेट एकात एक घट्ट अडकू नयेत म्हणून काही शीटवर सिलिकॉनचा अतिपातळ थर देतात. तो थर फ्लँजच्या सील होणाऱ्या बाजूला आला, तर सील धरत नाही आणि दोष विनाकारण मशीनच्या माथी मारला जातो. पीपीची (पॉलिप्रोपिलीनची) घडी पुष्कळ वेळा उघडमिट केली तरी तुटत नाही, परंतु ती धूसर दिसते, घडवताना आकसते आणि कार्डाला सहजी चिकटत नाही.

पुरवठादाराने दिलेली शीट पीईटी आहे की पीव्हीसी, हे घरच्या घरी तपासता येते. तांब्याची तार पकडीने धरून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी, तिचे टोक शीटच्या तुकड्याला टेकवावे, म्हणजे थोडे प्लास्टिक तारेला लागते, आणि तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे शीट पीव्हीसी असल्याचा संशय पक्का धरावा. खिडकी उघडी ठेवून आणि अगदी लहान तुकड्यावरच हे करावे.

साचा देण्यापूर्वी

शीट तापवून साच्यावर खेचली की ती ताणून पातळ होते, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. सोलाण्याचे पॉकेट १६ बाय ५ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर खोल आहे असे समजा. सपाट असताना त्या जागेवर ८० चौरस सेंटिमीटर शीट होती. तळ आणि चार भिंती मिळून ती आता १६४ चौरस सेंटिमीटरवर पसरली. म्हणजे ३०० मायक्रॉनची शीट सरासरी १४५ मायक्रॉनवर आली, आणि कोपऱ्यांत तर त्याहूनही कमी उरली. खोली निष्कारण वाढवू नये, कोपरे गोल ठेवावेत, आणि पॉकेट साच्यातून सुटावे म्हणून भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार द्यावा. खोल पॉकेटला जाड शीट घ्यावीच लागते.

खोलीचा संबंध दुकानातल्या हुकाशीही आहे. २० सेंटिमीटर लांबीच्या हुकावर ४ सेंटिमीटर खोलीचे पाच पॅक बसतात, २ सेंटिमीटरचे नऊ-दहा बसतात. ज्याचे जास्त नग बसतात, त्या मालाला दुकानदार जागा देतो. वस्तूचा गुरुत्वमध्य युरो होलच्या (हुकाला अडकवायच्या कार्डावरील भोकाच्या) बरोबर खाली यावा, अन्यथा कार्ड तिरके टांगले जाते आणि संपूर्ण ओळ विस्कटलेली दिसते. सोलाण्याचे पाते जड असल्यामुळे आम्ही पॉकेट कार्डाच्या मध्यरेषेपासून थोडे बाजूला घेतो.

कायमचा ॲल्युमिनियमचा साचा करण्यापूर्वी लाकूड, प्लास्टर किंवा इपॉक्सीचा तात्पुरता साचा करून पाच-पन्नास पॉकेट काढून घ्यावीत. तो खर्च वाचवू नये.

कार्डाची रचना करताना लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजनमापांच्या कायद्याच्या) २०११ सालच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांतील मजकुरासाठी जागा आधी राखावी: उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, नगसंख्या किंवा निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह एमआरपी, आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. यातले काहीही वस्तूमागे झाकले जाऊ नये. महिना आणि एमआरपीसाठी लॅकर नसलेला मोकळा चौकोन ठेवावा, म्हणजे शिक्क्याची शाई पुसली जात नाही. जुनी किंमत झाकून वाढीव किमतीचे लेबल चिकटवता येत नाही, म्हणून कार्डे एकदम फार छापून ठेवू नयेत. बारकोड पॉकेटच्या वक्र, चकाकणाऱ्या भागाखाली न घेता पाठीवर घ्यावा. प्लास्टिकवर त्रिकोणातला क्रमांक साच्यातच उठवून घेता येतो. पीईटीला १, पीव्हीसीला ३, पीपीला ५. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ सालच्या नियमांखाली फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची (म्हणजे आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याचीही जबाबदारी घेण्याची) मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि त्यांत ताठ प्लास्टिकचे पॅकिंग पहिल्या गटात येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरील नोंदणी आपल्याला लागू होते का, हे पहिली ऑर्डर देण्याआधीच सल्लागाराला विचारून घ्यावे.

नमुन्याची परीक्षा

तात्पुरत्या साच्यातून काढलेले वीस पॅक भरून सील करावेत. त्यांतले पाच छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहावेत, एकदा कोपऱ्यावर आणि एकदा पॉकेटच्या तोंडावर. पाच पॅक एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवावेत. पीव्हीसी आणि पीईटी दोन्ही सुमारे ७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात, आणि अकोला-नागपूरकडे जाणाऱ्या मालाच्या गाडीत पॉकेट चेपण्याचे प्रकार होतात. पाच पॅक घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातात द्यावेत आणि काहीही न सांगता उघडायला सांगावे. उरलेले पाच ओळखीच्या दुकानात हुकाला टांगावेत आणि दोन आठवड्यांनी होलची कड फाटली आहे का, कार्ड वाकले आहे का, ते पाहून यावे.

या चारही परीक्षांत जो नमुना टिकेल, त्याच्या दोन प्रती काढाव्यात. त्यांवर तारीख, शीटचे नाव व मायक्रॉन, कार्डाचे जीएसएम, लॅकर, आणि सीलिंगचे तापमान, दाब व वेळ लिहून आपण आणि पॅकिंग करणारा अशा दोघांनी सह्या कराव्यात. एक प्रत पॅकिंग करणाऱ्याकडे राहील आणि दुसरी आपल्या कपाटात राहील. पुढच्या प्रत्येक लॉटमधला पहिला पॅक तिच्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय माल उचलू नये.